डिरेक्टरीची दुसरी प्रत : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

घाटाखालच्या कॅम्पसची लाइन शनिवारी पुन्हा तुटली. तिथलं गेट आणि वाय-फाय दोन्ही वरच्या कॅम्पसमधल्या डिरेक्टरी सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड जिथे आहेत त्या मशीनला, विचारूनच माणसाला आत घेतात. तीन तास हॉस्टेलची मुलं वॉचमनच्या वहीत सह्या करत होती. साहेबांनी आज तोंडी होकार दिला : खाली डिरेक्टरीची जिवंत प्रत ठेवायची. वर बदल झाला की खाली आपोआप पोहोचला पाहिजे.

आपल्याकडे डिरेक्टरी चालवणारं सॉफ्टवेअर ओपनएलडॅप २.५ आहे, म्हणजे प्रत ठेवायला त्याचंच सिंकरेपल. त्याच्या मुळाशी आरएफसी ४५३३, इंटरनेटच्या नियमांचा जून २००६ चा दस्तऐवज. इतकी वर्षं जगभर वापरात असूनही त्याच्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काही गेला नाही. कल्पना साधी आहे. नेहमीच्याच सर्च विनंतीला एक कंट्रोल, म्हणजे जादा सूचना, चिकटवायचा, सर्व्हर उत्तरासोबत एक कुकी देतो. पुढच्या वेळी ती कुकी दाखवली की तेव्हापासून काय बदललं तेवढंच मिळतं. प्रकार दोन : येऊन, विचारून, निघून जाणं, किंवा विचारून झाल्यावर तिथेच बसून राहणं आणि बदल होईल तसा ऐकणं. आपल्याला दुसरा हवा.

५ फेब्रुवारी, बुधवार

टेस्ट मशीनवर पहिली प्रत आली. आधी बरोबर ५०० एंट्री येऊन थांबली. हे ठरलेलंच : सर्व्हरची मूळ मर्यादा ५०० ची, प्रत घेणाऱ्या ओळखीला ती उठवून द्यावी लागते. उठवली. मग साडेअकरा हजारांच्या आसपास सगळ्या एंट्री चहा होईपर्यंत उतरल्या. खूश झालो.

दुपारी सहज लॅपटॉपवरून, कुठलंही नाव-पासवर्ड न देता, टेस्ट मशीनला विचारलं. सगळं दिसलं. नाव, मोबाइल, जन्मतारीख, आणि खाली यूजरपासवर्डमध्ये एसएसएचए हॅश, म्हणजे पासवर्डचा गणिती ठसासुद्धा. माझाच हॅश माझ्यासमोर, आणि मी तर लॉगिनही केलेलं नाही.

कारण कळायला पाच मिनिटं लागली, पचायला संध्याकाळ. ओपनएलडॅपमध्ये कुणी काय वाचायचं याचे नियम, म्हणजे एसीएल, डेटामध्ये नसतात. ते सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये असतात. सिंकरेपल डेटा नेतं, कॉन्फिग नेत नाही. आणि ज्या डेटाबेसला एकही एसीएल लिहिलेला नाही त्याचा मूळ नियम असा : सगळ्यांनी सगळं वाचावं, लिहायचं मात्र फक्त रूटने, म्हणजे मुख्य ॲडमिनने. वरच्या सर्व्हरवर आठ वर्षांत जपून लिहिलेले नियम खालच्या मशीनला ठाऊकच नव्हते. पॅकेज बसवताना जो डेटाबेस आपोआप बनतो त्याला पासवर्ड झाकणारा नियम मिळतो. मी मात्र आपल्या सफिक्ससाठी (डिरेक्टरीच्या मुळाच्या नावासाठी) नवा डेटाबेस हाताने बनवला होता. तो उघडाबोडका.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असं होत नाही. तिथे प्रत्येक ऑब्जेक्टचं परवानगीपत्रक हे त्याच ऑब्जेक्टचं एक ॲट्रिब्यूट, म्हणजे एक रकाना, असतं, त्यामुळे ते सोबत प्रवास करतं. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही एसीआय, म्हणजे परवानगीचा नियम, एंट्रीतच राहतो. आपल्याकडे सामान ट्रकमध्ये जातं आणि कुलपाची किल्ली जुन्या घरी राहते.

टेस्ट मशीन आहे म्हणून जीव भांड्यात पडला. संध्याकाळी नियम लिहिले, पुन्हा अनामिक होऊन विचारलं, काही नाही मिळालं.

६ फेब्रुवारी

कालच्याच धाग्याचं शेपूट. ‘काही नाही मिळालं’ याचेही दोन प्रकार असतात. ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं तर विचारणाऱ्याला कळतं की एंट्री आहे. ‘अशी एंट्रीच नाही’ हे उत्तर त्याला काहीच सांगत नाही. ओपनएलडॅपच्या पायऱ्यांत सर्वांत खाली ‘नन’ आहे आणि त्याच्या एकच पायरी वर ‘डिस्क्लोज’, ती एवढ्यासाठीच. निलंबित लोकांच्या शाखेला ‘नन’ ठेवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

गेटचा व्हेंडर आला होता. त्याचं म्हणणं, ‘सर, फुल डिरेक्टरी सिंक द्या, आम्ही आमच्या बाजूला फिल्टर करतो.’ हे वाक्य मी गेल्या दहा वर्षांत किमान चार व्हेंडरांकडून ऐकलंय. गेटला कार्ड नंबर, नाव, फोटो आणि चालू-बंद एवढंच लागतं. वाय-फायला पासवर्डचा हॅश खालच्या प्रतीत असावा लागतो, नाहीतर लाइन तुटल्यावर लॉगिन तपासणार कशाशी? म्हणून दोन थर ठरवले. खाली आपली स्वतःची एक प्रत, हॅशसकट, तिच्यावर कुणाला हात लावू द्यायचा नाही. व्हेंडरचा सर्व्हर त्या प्रतीकडून स्वतःची छोटी प्रत घेईल, वेगळ्या आणि अरुंद ओळखीने. प्रत घेणारा (कन्झ्युमर) स्वतः प्रत देणारा (प्रोव्हायडर) होऊ शकतो, त्यामुळे अशी साखळी चालते. फक्त साखळीच्या प्रत्येक कडीवर एसीएल नव्याने लिहायचे, हे ५ तारखेला शिकून झालंय.

प्रत घेणारी ओळख म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने एक साधा वाचक. तिला जे वाचता येत नाही ते तिला दिलंच जात नाही, आणि त्याबद्दल कुठे तक्रारही येत नाही. प्रत गुपचूप अपुरी राहते. हे सुरक्षेला चांगलं, डोक्याला वाईट. आज तासभर फोटो का येत नाहीत ते शोधत होतो; मीच परवानगी द्यायला विसरलो होतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सिंकरेपल सांगितलं नाही तर ‘सगळी ॲट्रिब्यूट्स आणि शिवाय ऑपरेशनल ॲट्रिब्यूट्स’, म्हणजे सर्व्हरने स्वतः ठेवलेल्या नोंदीही, मागतं. आपण पासवर्ड पॉलिसी वापरतो, म्हणजे प्रत्येक एंट्रीत पीडब्ल्यूडी-हिस्टरी आहे आणि तिच्यात जुन्या पासवर्डांचे हॅश. पीडब्ल्यूडी-फेल्युअर-टाइममध्ये कोण किती वाजता पासवर्ड चुकला तेही. आपल्या एसीएलमध्ये नाव फक्त यूजरपासवर्डचं होतं. म्हणजे पुढचं दार बंद आणि मागच्या दाराला साधी कडीही नाही. लोक जुना पासवर्ड शेवटचा आकडा वाढवून पुन्हा वापरतात, त्यामुळे जुना हॅशही कामाचाच. व्हेंडरच्या ओळखीसाठी आता उलटा नियम : हवी ती मोजकी ॲट्रिब्यूट्स नावानिशी, बाकी सगळ्याला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल पायलट सुरू. फिल्टर असा की फक्त खालच्या कॅम्पसच्या एंट्री उतराव्यात; त्या साधारण बावीसशे.

आज लाइन मुद्दाम वीस मिनिटं तोडली आणि जोडली. डीबग लॉगमध्ये सर्व्हरने पाठवलेली ‘हे वगळा’ यादी पाहिली. यूयूआयडी, म्हणजे एंट्रींचे कायमचे क्रमांक, सात. पण खालच्या कॅम्पसमधून आज एकही एंट्री गेलेली नाही! वर मात्र पास-आउट विद्यार्थ्यांची सफाई चालू होती.

झालं असं. कन्झ्युमर तुटून परत आला की मधल्या काळात काय काय गेलं ते सांगायचे दोन मार्ग आहेत. एक, ‘तुझ्याकडच्यांपैकी हे हे अजून आहेत’ अशी पूर्ण हजेरी द्यायची आणि यादीत नसलेलं कन्झ्युमरने पुसायचं. दोन, गेलेल्यांचीच नावं सांगायची. दुसऱ्यासाठी सर्व्हर सेशनलॉग, म्हणजे अलीकडच्या बदलांची यादी, ठेवतो. पण गेलेली एंट्री आता उरलेलीच नाही, मग ती या कन्झ्युमरच्या फिल्टरमध्ये बसत होती की नाही हे तपासणार कशावर? म्हणून सर्व्हर लॉगमधल्या सगळ्यांचेच यूयूआयडी देतो. कन्झ्युमरकडे जे नाही ते तो सोडून देतो. प्रत बरोबरच राहते, पण ज्याला वरच्या कॅम्पसची एकही एंट्री दिसायला नको त्याला तिथली किती माणसं गेली ते कळतं.

‘नुसता यूयूआयडी तर आहे, त्यातून काय कळणार?’ असं आमची ज्युनियर म्हणाली. बरोबर प्रश्न. तिला तिसरा गट बघायला सांगितला. आमच्या सगळ्या यूयूआयडींत तो १ ने सुरू होतो, म्हणजे हे वेळेवरून बनवलेले. १५ ऑक्टोबर १५८२ पासून, ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झालं तिथपासून, १०० नॅनोसेकंदांच्या पटीत मोजलेली वेळ त्यांच्या पोटात असते. तिने पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि सातही एंट्री कधी तयार झाल्या ते मिनिटासकट छापलं. सहा एकाच प्रवेशाच्या दिवसाच्या. सातवी भर पावसाळ्यातल्या एका रात्री सव्वानऊची. ती कुणाची हे आम्हा दोघांनाही न बघता कळलं, कारण त्या रात्री घाईने खातं उघडून द्यायला मीच ऑफिसात थांबलो होतो.

व्हेंडर ज्या प्रतीकडून घेणार तिथला सेशनलॉग बंद केला. हजेरीची पद्धत जड असते म्हणतात, पण बावीसशे एंट्रींना सोळा-सोळा बाइट धरले तर पस्तीस किलोबाइट होतात. व्हॉट्सॲपवरचा सुप्रभातचा फोटो याहून मोठा.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी. आज कुकी उघडून पाहिली. ओपनएलडॅपची कुकी साधा मजकूर आहे : कन्झ्युमरचा क्रमांक, आणि सीएसएन म्हणजे शेवटच्या बदलाची मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ, मोजणी आणि सर्व्हर क्रमांक. सही नाही, शिक्का नाही. आरएफसी म्हणते की दुसऱ्याच ओळखीची किंवा बिघडवलेली कुकी घेऊन कुणी येईल हे धरून चाला, वाटल्यास कुकीवर डिजिटल सही करा. व्हेंडरच्या ओळखीने, कुकीतली तारीख दोन वर्षं मागे करून विचारलं. जुने बदल पुन्हा मिळाले, परवानगीबाहेरचं काहीच नाही; कारण तपासणी बाइंड, म्हणजे लॉगिन, केलेल्या ओळखीवर होते, कुकीवर नाही. इथे ओपनएलडॅप ठीक आहे. मात्र सीएसएन पूर्ण डेटाबेसचा असतो. माझ्या फिल्टरमधलं काही बदललं नसलं तरी पुढच्या कुकीतला आकडा पुढे सरकलेला दिसतो, म्हणजे पलीकडे कुणीतरी किती वाजता काहीतरी केलंय एवढं कळतं. हे चालवून घ्यायचं ठरवलं.

खरी मेख दुसरीच निघाली. परवा व्हेंडरच्या ओळखीवरून मोबाइल नंबरची परवानगी काढली होती (१० तारखेच्या यादीत ती चुकून राहिली होती, दोष माझा). आज त्याच्या प्रतीत पाहतो तर बहुतेक नंबर जागच्या जागी. फक्त नऊ जणांचे गेलेत.

एसीएल बदलणं म्हणजे एंट्री बदलणं नव्हे. एंट्रीचा सीएसएन हलत नाही, तेव्हा सिंकच्या लेखी काही घडलेलंच नाही. ज्या नऊ जणांच्या एंट्रीत काही ना काही कारणाने बदल झाला त्यांची नवी आवृत्ती मोबाइलशिवाय गेली आणि तिथला नंबर पुसला गेला. बाकीच्यांचा परवापूर्वीचा काळ तसाच गोठून बसला. परवानगी काढून घेणं हे इथे पुढच्यासाठी असतं, मागच्यासाठी नसतं. व्हेंडरची प्रत पुसायला लावून शून्यापासून उतरवली. यापुढे त्याच्या ओळखीचा एसीएल आवळला की प्रत पुसायचीच, हे भिंतीवर चिकटवलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नऊला खालच्या कॅम्पसवरून एका प्राध्यापकांचा फोन. वॉचमन त्यांना म्हणाला, ‘सर, तुमचं कार्ड चालंना झालंय. बदली झाली काय वर?’

बदली झाली होती. म्हणजे होणार होती. एचआरच्या मॅडमनी काल दुपारी त्यांच्या एंट्रीतला कॅम्पस बदलला. ऑर्डर शुक्रवारी निघणार. कॅम्पस बदलताच एंट्री फिल्टरबाहेर गेली, सर्व्हरने जिवंत धाग्यावर ‘वगळा’ म्हणून कळवलं, गेटने कार्ड बंद केलं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, आणि प्राध्यापकांना बदलीची बातमी गेटवर मिळाली.

मॅडम माझ्यावर चिडल्या. ‘तुमचं सॉफ्टवेअर आमच्या आधी बातम्या देतं.’ खरंय. एंट्रीचं दिसेनासं होणं हीसुद्धा माहिती आहे. आरएफसीच्या सुरक्षेच्या भागात हे स्पष्ट लिहिलंय : मधूनमधून येऊन विचारणाऱ्याला जे कळतं ते साध्या सर्चइतकंच, पण बसून ऐकणाऱ्याला बदलांचा क्रमही कळू शकतो. ३ तारखेला मी ते वाचलं होतं आणि ‘हं’ म्हणून पुढे गेलो होतो.

उपाय अर्धामुर्धा आहे. आपल्या स्वतःच्या प्रतीला जिवंत धागा हवाच, नाहीतर सकाळी बदललेला पासवर्ड खाली दुसऱ्या दिवशी चालेल. व्हेंडरला मात्र रात्री एकदाच. मग दिवसभरातल्या पाच बदलांचा त्याला एकच शेवटचा निकाल दिसतो. हरवलेलं कार्ड लगेच बंद करायचं तर वॉचमनच्या केबिनमधल्या यादीत हाताने टाकायचं. मॅडमना विनंती केली की कॅम्पस ऑर्डरच्या तारखेलाच बदला. त्या ‘बघू’ म्हणाल्या.

४ मार्च

ज्युनियरने सुचवलं की लाइन मंद आहे तर डेल्टा सिंक लावू. म्हणजे एंट्रीतलं एक ॲट्रिब्यूट बदललं तर पूर्ण एंट्री फोटोसकट न पाठवता तेवढा बदलच पाठवायचा. हे बदल येतात ॲक्सेसलॉग नावाच्या वेगळ्या डेटाबेसमधून. तिला म्हटलं, आधी त्यात डोकावून बघ. एका पासवर्ड बदलाची नोंद तिने उघडली : रेकमॉड नावाचं ॲट्रिब्यूट, आणि त्याच्या किमतीत ‘यूजरपासवर्ड’ हा शब्द, पुढे नवा हॅश, सरळ मजकूर म्हणून. मुख्य डेटाबेसमधला ‘यूजरपासवर्ड कुणी वाचू नये’ हा नियम इथे लागत नाही, कारण इथे ॲट्रिब्यूटचं नाव रेकमॉड आहे. रेकमॉडचा अमुक भाग दाखवा, तमुक झाका, असा साधा नियम लिहिता येत नाही. वाचू दिलं तर सगळ्यांचं सगळं. डेल्टा ठेवायचं तर आपल्याच प्रतीसाठी, व्हेंडरसाठी नाही. ती थोडी हिरमुसली, पण शोध तिचाच आहे असं लिहून ठेवतो.

७ मार्च, शुक्रवार

अकाउंट्स विभागाचा डिरेक्टरी सर्व्हर वेगळा आहे, ॲक्टिव्ह डिरेक्टरीसारखा चालणारा सांबा डोमेन कंट्रोलर. त्याच्याकडून डिरसिंकने काही मागायचं का, असा विषय निघाला. पाऊल टाकण्याआधी वाचत बसलो, आणि बरं झालं.

डिरसिंक हा मायक्रोसॉफ्टच्या जगातला याच कामाचा कंट्रोल. तिथे परवानगीची पद्धत वेगळी. ‘बदलांची प्रत घेण्याचा हक्क’ डिरेक्टरीच्या एका पूर्ण भागावर एकदा द्यायचा. तो असला की एकेका ऑब्जेक्टची परवानगी विचारली जात नाही. कमी हक्काच्या माणसासाठी वेगळा फ्लॅग आहे, तो लावला तर त्याला जे एरवी दिसतं तेवढंच मिळतं. याच हक्काचा मोठा भाऊ पासवर्डची गुपितंही देतो. २०१५ मध्ये मिमिकॅट्झ या पासवर्ड चोरायच्या साधनात आलेलं डीसीसिंक हेच करतं : आपण डोमेन कंट्रोलर आहोत असं भासवून प्रत मागायची. काही तोडायचं नाही, फोडायचं नाही, फक्त रीतसर मागायचं.

सांबाने १० ऑक्टोबर २०२३ ला सीव्हीई-२०२३-४१५४ हा सुरक्षेचा दोष जाहीर केला, तो बरोबर इथलाच. लहान हक्क असलेल्याला डिरसिंकमधून पासवर्डची ॲट्रिब्यूट्सही मिळत होती. दुरुस्ती ४.१९.१, ४.१८.८ आणि ४.१७.१२ मध्ये. अकाउंट्सचा सर्व्हर त्याहून जुना निघाला. आधी अपग्रेड, मग बोलू. विषय बंद.

११ मार्च, मंगळवार

सांबाचं वाचताना आणखी एक सापडलं होतं, ते आपल्यावर लावून पाहिलं. २०१८ मध्ये त्यांच्याकडे गुप्त ॲट्रिब्यूट वाचता येत नव्हतं पण सर्चच्या अटीत वापरता येत होतं. दुरुस्ती केली, २०२३ च्या मार्चमध्ये ती अपुरी असल्याचं निघालं आणि पुन्हा करावी लागली.

आपल्या हेल्पडेस्कच्या ओळखीला मोबाइल ‘रीड’ नाही, पण ‘सर्च’ आहे. नंबरवरून माणूस शोधता यावा म्हणून मीच दिलेला. ज्युनियरला म्हटलं, माझा नंबर काढून दाखव. तिने माझ्या नावासोबत ‘मोबाइल ९ ने सुरू’ विचारलं, एंट्री आली. ‘९० ने सुरू’, नाही आली. ‘९१’, नाही. असं एकेक अंक पुढे. दहा अंक, प्रत्येकाला फार तर दहा प्रश्न, म्हणजे शंभराच्या आत खेळ खल्लास. स्क्रिप्टला एक सेकंदही लागला नाही. हेल्पडेस्कला आता ‘कंपेअर’: समोरच्याने सांगितलेला पूर्ण नंबर जुळतो की नाही, एवढंच.

२० मार्च, गुरुवार

सोमवारी सगळं खऱ्या कामाला लावलं होतं. तीन दिवस शांत गेले.

आज गेटच्या सर्व्हरवर मराठी नावं तुटक दिसत होती, म्हणून व्हेंडरच्या इंजिनिअरला मेल केला. त्याने तत्परतेने उत्तर दिलं आणि सोबत एक फाइल जोडली : ‘सर, आमच्याकडच्या जुन्या डेटामध्ये नावं बरोबर आहेत, कंपेअर करून बघा.’

एलडिफ, म्हणजे डिरेक्टरीतला मजकूर बाहेर काढलेली फाइल. साडेअकरा हजार एंट्री. तारीख ५ फेब्रुवारी, दुपार.

त्या दिवशी टेस्ट मशीनवर तो गेटचं सॉफ्टवेअर बसवत होता, त्याला सुडो, म्हणजे मशीनवरचे रूटचे हक्क, मीच दिले होते. अनामिक वाचनाचं भोक मी त्याच संध्याकाळी बुजवलं. पण ते भोक त्याला लागलंच नव्हतं, रूटने पूर्ण डेटाबेस एका कमांडमध्ये बाहेर काढता येतो. वाईट हेतू काही नाही. ‘टेस्टिंगला लागेल’ म्हणून काढून ठेवला, त्याच्या लॅपटॉपवर, तिथून त्यांच्या शेअर ड्राइव्हवर. आणि आता मेलमध्ये. टेस्ट मशीन होतं, डेटा खरा होता. त्या नोंदीत ‘जीव भांड्यात पडला’ असं लिहिलंय ते खोडत नाही, तसंच राहू दे.

चार वाजता साहेबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सगळ्यांचे?’

सगळ्यांचे. उद्या सकाळी सर्व पासवर्ड रद्द, जुनी पीडब्ल्यूडी-हिस्टरीही साफ, नवे हॅश आर्गॉन-टू या जास्त मजबूत पद्धतीत. व्हेंडरकडून फाइल पुसल्याचं लेखी मागवलंय, त्याचा अर्थ किती घ्यायचा तो घ्यावा. खालच्या कॅम्पसला पासवर्ड बदलायला दोन टेबलं, वर चार. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख सोमवारी आहे, म्हणजे रांग लागणार. सर्क्युलरचा मसुदा मॅडमकडे पाठवला. त्यांनी ‘तांत्रिक कारणास्तव’ असं लिहिलं होतं, मी ते काढून ‘पासवर्डची प्रत बाहेर गेल्यामुळे’ असं केलंय. सही व्हायची आहे.